माळरान, मोसमी पाऊस आणि सरड्यांचे कूळ

मराठवाड्यातील माणसाला आपल्या भूमीविषयी बोलताना थोडा संकोच वाटतो, असे आम्ही अनेकदा पाहिले आहे. कोकणातून पाहुणे आले की आपण त्यांना वेरूळचे कैलास लेणे दाखवतो, देवगिरीचा किल्ला दाखवतो, पाणचक्की दाखवतो. किल्ल्याच्या पलीकडे पसरलेला, चैत्र-वैशाखात करपून पिवळा पडलेला माळ मात्र त्यांना दाखवावा असे कुणाच्या मनात येत नाही. त्या माळाला आपण 'उजाड' म्हणतो, 'पडीक' म्हणतो. सरकारी दफ्तरातही अशा जमिनीची नोंद बहुधा पडीक म्हणूनच होत आली आहे. हिरवे ते जिवंत आणि पिवळे ते मृत, अशी आपली एक साधी समजूत झालेली आहे.

निसर्गाचा अभ्यास करणाऱ्यांनी गेल्या काही वर्षांत जे पुढे आणले आहे ते ह्या समजुतीला धक्का देणारे आहे. पाऊस कमी झाला, अरण्ये मागे हटली, गवताचे उघडे माळ पसरले. आणि नेमक्या ह्याच काळात एका प्राणिकुळाची भरभराट होऊन त्याच्या अनेक नव्या जाती निर्माण झाल्या. हे सर्व आपल्याच दख्खनच्या पठारावर आणि त्याच्या आसपास घडले. पर्यावरणातील परिस्थिती जीवजातींना कसे घडवते हे समजून घेण्यासाठी ह्याहून जवळचे उदाहरण आम्हांला सापडले नाही, म्हणून ते येथे थोडे विस्ताराने मांडत आहोत.

हे कूळ आहे सरड्यांचे. कुंपणावर दिसणारा, रंग बदलण्यासाठी बदनाम झालेला सरडा तो हा नव्हे. हा आकाराने लहान, जमिनीवर राहणारा, मातकट रंगाचा आणि अतिशय चपळ असा प्राणी आहे. झाडावर चढण्याची त्याला फारशी गरज पडत नाही. त्याच्या मागच्या पायाला पाचाऐवजी चारच बोटे असतात. एरवी दगडमातीत तो नजरेसही पडत नाही. परंतु विणीच्या हंगामात नर एखाद्या उंचवट्यावरील दगडावर येऊन बसतो आणि गळ्याखालची कातडी पंख्यासारखी उलगडून मिटू लागतो. काही जातींत हा पंखा पांढुरका व साधा असतो. काहींत मात्र तो निळा, काळा आणि नारिंगी अशा रंगांनी इतका झगमगतो की पाहणाऱ्याला फुलपाखराचा भास व्हावा. इंग्रजी पुस्तकांत ह्यांना 'फॅन थ्रोटेड लिझार्ड' म्हणतात. आपण त्यांना गळ्याखाली पंखा फुलवणारे सरडे म्हणू.

दीर्घकाळ असे मानले जात होते की हे सर्व सरडे 'सिटाना' ह्या एकाच प्रजातीतील मोजक्या जातींचे आहेत. २०१६ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील व्ही. दीपक व प्रवीण कारंथ, तसेच वरद गिरी आदी अभ्यासकांनी मिळून ह्या कुळाची नव्याने तपासणी केली आणि पाच नव्या जाती व एक नवी प्रजाती जगासमोर ठेवली. ह्या नव्या प्रजातीला त्यांनी दिलेले नाव वाचून मराठी वाचकाला गंमत वाटेल. ते नाव आहे 'सरडा'. प्राणिशास्त्राच्या लॅटिन नामावळीत आपला हा घरगुती शब्द आता कायमचा जाऊन बसला आहे. सातारा जिल्ह्यातील चाळकेवाडीच्या पठारावर मिळालेल्या अतिशय देखण्या जातीचे नाव 'सरडा सुपर्बा' असे ठेवण्यात आले, तर दुसऱ्या एका जातीला चार्ल्स डार्विन ह्यांच्या सन्मानार्थ 'सरडा डार्विनी' असे नाव मिळाले.

ह्यानंतर २०१८ साली दीपक आणि कारंथ ह्यांनी आणखी एक निबंध प्रसिद्ध केला. आमच्या विषयाच्या दृष्टीने तो अधिक महत्त्वाचा आहे. भारतीय उपखंडातील १०७ ठिकाणांहून त्यांनी ह्या सरड्यांचे नमुने मिळवले आणि त्यांच्या डीएनएची तुलना केली. त्यातून १५ जाती वेगळ्या काढता आल्या. त्यांपैकी १३ जाती दिसण्यावरूनही ओळखता येतात. उरलेल्या दोन मात्र जुळ्या बहिणींसारख्या, डोळ्यांना एकच वाटणाऱ्या, पण रक्ताने वेगळ्या आहेत. जुन्या जीवाश्मांच्या आधारे काळाचा हिशेब केल्यावर असे दिसले की ह्या कुळाला फांद्या फुटण्यास सुमारे १ कोटी ८० लक्ष वर्षांपूर्वी सुरुवात झाली आणि साधारण १ कोटी १० लक्ष वर्षांपूर्वीनंतर तो वेग वाढला.

ह्या दोन तारखांना अर्थ आहे. पहिली तारीख उपखंडावर मोसमी पावसाची पद्धत बसू लागली त्या काळाशी जुळते. दुसरी तारीख मोसमी पावसाचा जोर वाढून उरलेले महिने कोरडे होत गेले, त्या काळाची आहे. वर्षभर थोडाथोडा पडणारा पाऊस चार महिन्यांत कोसळू लागला आणि आठ महिने जमीन तहानलेली राहू लागली. सदाहरित वृक्षांना हे मानवत नाही. गवताला मानवते. हिमालयाच्या पायथ्याशी असलेल्या शिवालिक टेकड्यांतील प्राचीन मातीचे परीक्षण करून शास्त्रज्ञांनी दाखवून दिले आहे की साधारण ८० ते ६० लक्ष वर्षांपूर्वी तेथे उष्ण प्रदेशातील गवतांचा मोठा विस्तार झाला. दख्खनवर तर सह्याद्रीची भिंत उभी आहेच. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि छत्रपती संभाजीनगरला जेमतेम सातशेच्या आसपास. पर्जन्यछायेचा हा प्रदेश आपल्याला शाप वाटतो. ह्या सरड्यांना तो राहण्याजोगा वाटला.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. पाऊस बदलला म्हणून नव्या जाती कशा निर्माण होतात?

येथे एक गैरसमज आधीच दूर केलेला बरा, कारण शाळेत शिकलेल्या माणसांच्याही मनात तो घर करून असतो. झाडे कमी झाली म्हणून एखाद्या सरड्याने धावण्याची सवय लावून घेतली, त्या सवयीने त्याचे पाचवे बोट झिजले आणि ते झिजलेले बोट त्याच्या पिलांना वारशाने मिळाले, असे काहीही घडत नाही. लोहाराच्या मुलाला जन्मतः पीळदार दंड नसतात, हे आपण जाणतोच. बदल होतो तो एका प्राण्यात नव्हे, तर पिढ्यान्‌पिढ्यांच्या समूहात. एकाच विणीतील पिले हुबेहूब सारखी नसतात. एखाद्याचे पाय किंचित लांब, एखाद्याचा रंग किंचित मातीकडे झुकणारा, एखाद्याची कातडी ओल अधिक काळ टिकवणारी. अरण्यात हे फरक बिनमहत्त्वाचे असतील. उघड्या माळावर मात्र वरून शिक्रा झेप घेत असतो, खाली दगड तापलेला असतो, आणि तेथे ह्याच लहानशा फरकांवर जगणे-मरणे ठरते. जो जगतो त्याचीच पिले होतात आणि त्याचे गुण पुढे जातात. असे लक्षावधी पिढ्या चालले की समूहाचे रूपच पालटते. ह्यालाच अनुकूलन म्हणतात. १८५९ साली डार्विन ह्यांनी हा विचार विस्ताराने मांडला; परंतु गुण पुढच्या पिढीत नेमके कसे जातात हे कोडे त्यांना उलगडले नव्हते. ते उलगडण्याची किल्ली एका कॅथलिक मठवासीयाच्या हाती होती. ब्रुनो शहरातील ऑगस्टिनियन मठाच्या बागेत वाटाण्याची रोपे वाढवणाऱ्या ग्रेगोर मेंडेल ह्यांनी आनुवंशिकतेचे नियम १८६६ साली छापून प्रसिद्ध केले, आणि जगाने त्यांची दखल घेतली ती थेट १९०० साली, त्यांच्या मृत्यूनंतर सोळा वर्षांनी.

अनुकूलनाने रूप बदलेल, पण एका जातीच्या अनेक जाती का व्हाव्यात? ह्याचे उत्तर आमच्या मते आपल्या एका म्हणीतच दडलेले आहे. सरड्याची धाव कुंपणापर्यंत! म्हण आपण हिणवण्यासाठी वापरतो. जीवशास्त्राच्या दृष्टीने ती फार नेमकी आहे. पक्षी नदी ओलांडतो, डोंगर ओलांडतो आणि पलीकडच्या पक्ष्यांशी त्याची सोयरीक होते. बोटभर सरड्याला नदीचे पात्र, काळ्या चिकणमातीचा पट्टा, दाट झाडीची दरी हे सर्व कुंपणच. दख्खनचे पठार एकसारखे सपाट आहे असे नकाशात वाटते, प्रत्यक्षात ते तसे नाही. कोठे खोल काळी जमीन, कोठे मुरमाड बरड, कोठे सह्याद्रीच्या माथ्यावरील तांबडा जांभा दगड, मध्येच डोंगररांगा आणि नद्यांची खोरी. अरण्य आटून माळ पसरले तसा ह्या सरड्यांचा मुलूख वाढला, आणि वाढता वाढता तो अशा कुंपणांनी विभागला गेला. दोन्ही बाजूंचे समूह एकमेकांत मिसळेनासे झाले. प्रत्येकाची माती वेगळी, दगडांचा रंग वेगळा, शत्रू वेगळे. पुरेसा काळ लोटल्यावर ते पुन्हा समोरासमोर आले तरी एकमेकांना ओळखेनासे झाले. वर उल्लेखिलेल्या १५ जातींपैकी १३ जाती द्वीपकल्पीय भारतातच आहेत, आणि अभ्यासकांनी त्याचे संभाव्य कारण भूप्रदेशाची हीच विविधता असे दिले आहे. ह्या कुळाचे जवळचे नातलग मात्र आजही दक्षिणेकडील पश्चिम घाटाच्या आणि श्रीलंकेच्या दमट अरण्यांत, झाडांच्या सावलीत राहतात. त्यांच्या जाती अगदी मोजक्या. जणू जुन्या वाड्यात राहिलेली थोरली पाती. धाकट्यांनी माळावर जाऊन संसार वाढवला.

'ओळखणे' हा शब्द आम्ही सहज वापरलेला नाही. गळ्याखालच्या पंख्याचे काम हेच आहे. उघड्या माळावर दृष्टीला अडथळा नसतो, म्हणून दुरून दिसणारी खूण उपयोगी पडते. नर पंखा फुलवतो तो मादीने यावे आणि दुसऱ्या नराने दूर राहावे म्हणून. पण भडक रंग मादीला दिसतो तसा शिकारी पक्ष्यालाही दिसतो. म्हणजे एकच परिस्थिती दोन्ही बाजूंनी ओढत असते. हा ओढा किती खरा आहे ह्याचा पुरावा चाळकेवाडीलाच मिळाला. तेथे पठाराच्या एका भागात अनेक वर्षे पवनचक्क्या फिरत आहेत. मारिया ठाकर, अमोद झांब्रे आणि हर्षल भोसले ह्यांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की पवनचक्क्या नसलेल्या भागाच्या तुलनेत त्या असलेल्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपटीने कमी होते. साहजिकच तेथे सरड्यांची संख्या अधिक होती. एवढ्यावरच गोष्ट थांबली नाही. ह्या सरड्यांच्या रक्तात भीतीच्या वेळी वाढणाऱ्या संप्रेरकाचे प्रमाण कमी होते, माणूस अगदी जवळ आला तरी ते लवकर पळत नव्हते, आणि नरांच्या पंख्याचे रंगही फिके होते. सरडे वाढल्यामुळे अन्नासाठी आपसांत स्पर्धा वाढली असावी, असे अभ्यासक सांगतात. ही काही नवी जात झालेली नाही, कारण त्यासाठी वीस वर्षे म्हणजे काहीच नव्हे. परंतु आकाशातून एक शत्रू वजा केला तर जमिनीवरच्या प्राण्याची वागणूक आणि शरीर किती लवकर बदलू लागते, हे त्यातून दिसते. स्वच्छ विजेचीही किंमत कोणीतरी मोजत असतो. एरवी आम्ही पवनचक्क्यांचे समर्थकच आहोत.

काळाच्या ह्या मापाविषयी आमच्या जिल्ह्यातील एक उदाहरण उपयोगी पडेल. पैठणचे जायकवाडी धरण १९७६ साली पूर्ण झाले आणि गोदावरीच्या काठी नाथसागर नावाचा विस्तीर्ण, उथळ जलाशय निर्माण झाला. १९८६ साली त्याला पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळाला. हिवाळ्यात तेथे दूरदूरचे पक्षी येतात. त्यांत डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला पट्टकादंब हा हंसही असतो. तिबेटच्या पठारावर आणि मंगोलियात त्याची वीण होते आणि तो हिमालय ओलांडून आपल्याकडे उतरतो. सात हजार मीटरहून अधिक उंचीवरून उडताना त्याची नोंद झालेली आहे. तेथील विरळ हवेत माणूस धापा टाकील. पट्टकादंबाच्या रक्तातील हिमोग्लोबिनमध्ये सखल प्रदेशातील नातलग हंसांच्या तुलनेत थोडा बदल आहे, आणि त्यामुळे ते प्राणवायू अधिक घट्ट धरून ठेवते. हा गुण नाथसागराने दिलेला नाही. तो उंच पठारावर, फार प्राचीन काळी घडला. नव्या धरणाने केवळ तयार पाहुण्यांसाठी जागा केली. माणूस पन्नास वर्षांत जलाशय बांधू शकतो. त्या जलाशयाला स्वतःचा पक्षी घडवायला पन्नास वर्षे पुरत नाहीत.

परिस्थिती अगदीच टोकाची असेल तर ती काय करते, हे बुलढाणा जिल्ह्यातील लोणारला पाहता येते. अशनीच्या आघाताने बेसाल्ट खडकात पडलेल्या सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या विवरात हे सरोवर आहे. पाणी खारट आणि तीव्र अल्कधर्मी. सामान्य मासा तेथे टिकत नाही. तरीही पाणी निर्जीव नाही. अशा खारात जगण्यासाठी घडलेले सूक्ष्मजीव त्यात विपुल आहेत. २०२० च्या जूनमध्ये ते सरोवर अचानक गुलाबी झाले तेव्हा आसपासच्या गावांत नाना तर्क सुरू झाले होते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासणी केल्यावर कारण स्पष्ट झाले: पाणी आटून खारटपणा वाढला होता आणि क्षारप्रिय सूक्ष्मजीवांनी आपले गुलाबी रंगद्रव्य तयार केले होते. पावसाने पाणी पातळ झाले आणि रंग ओसरला. त्याच वर्षी लोणारला रामसर स्थळ म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली.

हे सर्व वाचताना काही श्रद्धावंतांच्या मनात एक जुनी शंका डोकावेल, म्हणून तिचाही उल्लेख करतो. जीवजाती काळाच्या ओघात घडत गेल्या असे मानले तर सृष्टिकर्त्याला जागा उरते का? ख्रिस्तसभेने ह्या प्रश्नाला घाबरून दार लावून घेतलेले नाही. १९५० साली पोप पायस बारावे ह्यांनी उत्क्रांतीविषयीच्या संशोधनाला व चर्चेला मोकळीक दिली. १९९६ साली पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनी परमगुरूंच्या विज्ञान अकादमीला पाठवलेल्या संदेशात उत्क्रांती ही आता केवळ एक कल्पना राहिलेली नाही असे मान्य केले. मानवी आत्मा मात्र थेट परमेश्वराकडून येतो, ही शिकवण ख्रिस्तसभेने कायम ठेवली आहे. दिवंगत पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' ह्या विश्वपत्रात तर आणखी एक पाऊल टाकले: इतर जीवजातींकडे केवळ आपल्या उपयोगाची साधने म्हणून पाहणे पुरेसे नाही, त्यांना स्वतःचे मोल आहे, असे त्यांनी निक्षून सांगितले. बोटभर सरड्याला हे लागू आहे काय? आम्हांला तरी अपवाद दिसत नाही.

आणि येथेच ह्या विषयाचा आपल्या धर्मग्रामांशी प्रत्यक्ष संबंध येतो. 'लाउदातो सी'पासून प्रेरणा घेऊन अनेक धर्मग्रामांत, शाळांत आणि युवक संघांत वृक्षारोपणाचे कार्यक्रम होऊ लागले आहेत. राज्य शासनानेही २०१९ च्या पावसाळ्यात ३३ कोटी रोपे लावण्याचा संकल्प सोडला होता. हेतू उत्तम. पण रोपे लावायची कोठे, असा प्रश्न आला की बोट माळाकडेच जाते, कारण तो 'रिकामा' दिसतो. आपले अनेक जण असे धरून चालतात की हा माळ म्हणजे कुऱ्हाडीने व चराईने नष्ट झालेले अरण्य होय, आणि झाडे लावून आपण त्याला मूळ रूपात नेत आहोत. कोठे कोठे हे खरे असेलही. सर्वत्र ते खरे नाही. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील ह्यांनी २०२५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात चक्क जुन्या मराठी वाङ्मयाची साक्ष काढली आहे. तेराव्या शतकापासूनच्या ग्रंथांत, ओव्यांत आणि लोकगीतांत पश्चिम महाराष्ट्रातील कोणकोणत्या रानझाडांचा उल्लेख येतो हे त्यांनी धुंडाळले. ४४ जातींची नावे मिळाली आणि त्यांतील सुमारे ६० टक्के जाती उघड्या, गवताळ प्रदेशाच्या निघाल्या. दाट अरण्याच्या जाती केवळ तीन. म्हणजे निदान साडेसातशे वर्षांपूर्वीही तेथे माळरानच होते. डीएनएची साक्ष तर त्याहून कितीतरी मागे जाते.

अशा माळावर ओळीने गिरिपुष्प, सुबाभूळ किंवा निलगिरी लावली तर काय होते? सावली पडते, गवत मरते, जमीन थंड राहते. पंखा फुलवण्यासाठी सरड्याला लागणारा उघडा, उन्हात तापलेला दगड नाहीसा होतो. काळवीट, चंडोल आणि माळटिटवी ह्यांचीही तीच गत. मेंढपाळाचे कुरण जाते ते वेगळेच. माळढोक पक्षी महाराष्ट्रातून जवळजवळ नामशेष झाला, त्यामागे शिकार, शेती आणि विजेच्या तारा ही कारणे आहेत. गवताळ प्रदेश आक्रसणे हेही त्यांतील एक मोठे कारण आहे.

वृक्षारोपण थांबवावे असे आमचे म्हणणे नाही. शहरातील रस्त्यांच्या कडा, शाळांची व चर्चची आवारे, शेतांचे बांध, ओढ्यांचे काठ आणि खरोखर तोडले गेलेले डोंगरउतार येथे झाडांना भरपूर जागा आहे. तेथे कडुनिंब, करंज, वड, पिंपळ लावावेत. माळावर झाड हवेच असेल तर हिवर, बोर, पळस ह्यांसारखे तेथलेच, आणि तेही विरळ. जागा ठरवण्यापूर्वी गावातील एखाद्या मेंढपाळाला विचारले तर बरे. त्या जमिनीवर पूर्वी काय उगवत होते हे त्याला बहुधा वनस्पतिशास्त्राच्या पदवीधराइतकेच ठाऊक असते. वळवाच्या सरी येण्यापूर्वीचे दिवस ह्या सरड्यांच्या विणीचे असतात. त्या दिवसांत सकाळी ऊन चढू लागले की कोरड्या माळावरील उंच दगडांकडे दुरूनच, न हलता पाहत राहावे.